एका न बोललेल्या दुखण्याचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी तो सरळ सांगून टाकला. मासिक पाळीच्या आधी बायकांचे स्तन दुखतात. त्या दुखण्यावर जीवनसत्त्वे, तेले, बिया असे जे पोषक पदार्थ गेल्या ऐंशी वर्षांत सुचवले गेले, त्यांच्या इतिहासाविषयी मला बोलावयाचे आहे, असे मी म्हणालो. चिटणीस क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पत्रिकेवर हे असेच छापायचे का?" मी म्हटले, छापा की. पण पत्रिका हाती आली तेव्हा तीवर नुसते 'एका दुखण्याचा इतिहास' एवढेच छापलेले होते! मी त्यांना दोष देत नाही. आजच्या विषयाचा अर्धा इतिहास त्या गाळलेल्या शब्दांतच आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची परंपरा सुरू केली, ती लोकांनी चार शहाण्या गोष्टी उघड्यावर बसून ऐकाव्यात म्हणून. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले, तेव्हा शरीराविषयी मराठीत स्वच्छ बोलता येते हे त्यांनी दाखवून दिले आणि त्यापायी पुष्कळ सोसले. त्या मानाने आजची माझी वाट सोपी आहे. तेव्हा संकोच बाजूला ठेवून आपण विषयाकडे वळू.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात एक काकू होत्या. महिन्यातले आठ-दहा दिवस त्या विहिरीवरून घागर आणताना ती कधी कडेवर घेत नसत. हातात लोंबती धरून चालत. कुणी विचारले तर "छाती भरून आलीय" एवढेच म्हणत. पुढे त्यांनी धीर करून एका डॉक्टरांना सांगितले, "छाती दुखते." डॉक्टरांनी नळी लावून हृदय तपासले, ठणठणीत असल्याचे सांगितले आणि मनाला फार लावून घेऊ नका असा सल्ला दिला. आपल्या भाषेत स्त्रीच्या या अवयवाला चारचौघांत घेता येईल असा शब्दच नाही. 'छाती' म्हणावे तर ते हृदयाकडे जाते, 'स्तन' म्हणावे तर ते पोथीत जाते. ज्या दुखण्याला नाव नाही, ते डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचत नाही. आणि पोचले तरी भलत्याच ठिकाणी तपासले जाते.

वस्तुतः हे दुखणे विरळ मुळीच नाही. अमेरिकेतील एका दवाखान्यात आलेल्या ११७१ स्त्रियांना याविषयी विचारले गेले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ५८ टक्के स्त्रियांना दर पाळीच्या आधी सौम्य, तर ११ टक्के स्त्रियांना मध्यम ते तीव्र त्रास होत असल्याचे आढळले. पाळी येण्यापूर्वी काही दिवस दोन्ही बाजूंना जडपणा येतो, काखेपर्यंत ठणका लागतो, कपड्याचा स्पर्शही नकोसा होतो. आणि पाळी सुरू झाली की ओहोटी लागावी तसे सारे उतरते. एखादीला हे दिवस दोनच असतात, एखादीला चौदा. मूल कडेवर घेता येत नाही, पालथे झोपता येत नाही. आणि या सर्वांहून मोठे दुःख म्हणजे मनातली भीती: हा कर्करोग तर नसेल?

जुन्यांनी काय पाहिले

आपल्या सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात स्तनरोगांचा विचार आहे. पण तेथील भर गर्भिणी आणि बाळंतीण यांच्यावर आहे. कुमारिकांच्या स्तनांतील धमन्यांची द्वारे मिटलेली असतात, म्हणून तेथे दोष शिरत नाहीत. प्रसूतीच्या सुमारास ती आपोआप उघडतात आणि मग रोग होतात, अशी ती उपपत्ती आहे. म्हणजे शास्त्रकाराच्या नजरेपुढे जी स्त्री होती, ती अंगावर पाजणारी आई होती. दर महिन्याला येणाऱ्या-जाणाऱ्या दुखण्याला त्या मांडणीत फारशी जागा नव्हती.

युरोपात या दुखण्याचे बारकाईने वर्णन केले ते लंडनच्या गायज् रुग्णालयातील नामांकित शस्त्रवैद्य सर ॲस्टली कूपर यांनी. स्तनांच्या रोगांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८२९ साली प्रसिद्ध झाला. गाठ नसताना स्तन दुखतात, पाळीच्या आधी ते दुखणे वाढते आणि त्या स्त्रीला कर्करोगाच्या भीतीने ग्रासलेले असते, हे त्यांनी अचूक टिपले. पण जाता जाता, अशी स्त्री बहुधा हळव्या आणि चिडचिड्या स्वभावाची असते, असेही त्यांनी नोंदवून ठेवले. पाहणी चांगली होती, शेरा मात्र वाईट होता. आणि दुर्दैवाने पुढच्या दीडशे वर्षांत पाहणीपेक्षा शेराच अधिक टिकला.

दरम्यान शास्त्र पुढे सरकत होते. ग्लासगोचे शस्त्रवैद्य जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले की, स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीची अंडाशये काढून टाकली असता तिच्या गाठी आकसल्या. ओटीपोटातील एका अवयवाचा छातीवरील अवयवाशी धागा जुळलेला आहे, हे त्यामुळे दिसून आले. १९२३ साली ॲलन आणि डॉइझी या अमेरिकन संशोधकांनी अंडाशयातील स्रावाचा प्रभाव प्रयोगाने दाखवला. पुढच्या दहा-बारा वर्षांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके शुद्ध रूपात हाती आली. दर महिन्याला या संप्रेरकांची भरती-ओहोटी होते आणि स्तनातील पेशी तिला प्रतिसाद देतात, एवढे स्पष्ट झाले. परंतु एक कोडे राहिले, आणि ते आजही पुरते सुटलेले नाही. ज्या स्त्रीला दुखते आणि जिला दुखत नाही, त्या दोघींच्या रक्तातील संप्रेरकांच्या प्रमाणात ठळक आणि नेमाने सापडणारा फरक आढळत नाही. मग एकीलाच का दुखावे? या 'का'च्या पोटातूनच पोषक पदार्थांची सारी कहाणी जन्माला आली.

जीवनसत्त्वांचे दिवस

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध हा जीवनसत्त्वांच्या दिग्विजयाचा काळ होता. बेरीबेरी, स्कर्व्ही, मुडदूस असे पिढ्यान् पिढ्या छळणारे रोग आहारातील कणभर पदार्थाने बरे होतात हे जगाने डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे कोणतेही न उलगडणारे दुखणे समोर आले की, येथेही कशाची तरी कमतरता असली पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक होते.

१९४३ साली अमेरिकेत बिस्किंड या संशोधकांनी एक मोहक उपपत्ती मांडली. शरीरातील जादा इस्ट्रोजेन निकामी करण्याचे काम यकृत करते. त्या कामाला 'ब' समूहातील जीवनसत्त्वे लागतात. ती कमी पडली की इस्ट्रोजेन साठते आणि स्तन दुखतात. तेव्हा 'ब' जीवनसत्त्वे द्या म्हणजे झाले! पुढे त्यांतले ब-६ हे विशेष लोकप्रिय झाले. परंतु १९८६ साली ब्रिटनमध्ये नावापुरत्या गोळीशी तुलना करून पाहिली तेव्हा या दुखण्यापुरता ब-६चा अधिक फायदा दिसला नाही. जीवनसत्त्व म्हणजे कितीही घेतले तरी बाधत नाही, हा समजही त्याच सुमारास फोल ठरला. १९८३ साली अमेरिकन डॉक्टरांनी सात रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. रोज काही ग्रॅम ब-६ महिनोन् महिने घेतल्याने त्यांचे हातपाय बधिर झाले होते आणि चालताना तोल जात होता.

'ई' जीवनसत्त्वाची कथा याच वळणाची. १९२२ साली इव्हान्स आणि बिशप यांना ते उंदरांच्या प्रजननावरील प्रयोगांत सापडले. प्रजननाशी संबंध म्हणून बायकांच्या दुखण्याशीही संबंध, असा तर्क करावयास वेळ लागला नाही. १९६५ साली एका अमेरिकन डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटेसे पत्र लिहून गाठाळ, दुखऱ्या स्तनांवर 'ई'चा उपयोग होतो असे कळवले, आणि वीस वर्षे ते औषध हातोहात गेले. १९८५ साली अमेरिकेतच दोन स्वतंत्र चाचण्या प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत काही बायकांना 'ई' व काहींना नावापुरती गोळी दिलेली होती, आणि कोणीला काय मिळाले हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते व घेणारीलाही नव्हते. दोन्हींत फरक आढळला नाही.

आपल्या चहाबाज मंडळींनाही या इतिहासात एक ओळ द्यावयास हवी. १९७९ साली ओहायोतील मिंटन या शस्त्रवैद्यांनी, चहा-कॉफी-कोको सोडल्याने स्तनांतील गाठी आणि दुखणे कमी होते असे जाहीर केले, आणि हजारो बायकांचा सकाळचा कप सुटला. १९८२ साली १५८ स्त्रियांवर आणि १९८७ साली ५६ स्त्रियांवर रीतसर चाचण्या झाल्या, तेव्हा पहिलीत लाभ नगण्य निघाला आणि दुसरीत मुळीच निघाला नाही. दुखण्यापायी चहा सोडण्याची सक्ती कोणी करीत असेल, तर त्याला हा दाखला द्यावा!

कार्डिफची वही

या सर्व गडबडीत मूळ प्रश्न तसाच होता. ते दुखणे खरे आहे की मनाचे? त्याचे उत्तर शोधण्याचे काम वेल्समधील कार्डिफ येथे झाले. प्राध्यापक ह्यूज यांच्या हाताखाली तेथे १९७३ च्या सुमारास केवळ स्तन दुखणाऱ्या बायकांसाठी एक वेगळा दवाखाना सुरू झाला. प्रीस आणि मॅन्सेल हे त्यांचे तरुण सहकारी. यांतले रॉबर्ट मॅन्सेल हे नाव आपण लक्षात ठेवावे. ते आपल्या कथेत शेवटपर्यंत येणार आहे.

या मंडळींनी काही अद्भुत यंत्र शोधून काढले नाही. त्यांनी प्रत्येक बाईच्या हाती एक तक्ता दिला. दिवसाला एक चौकोन. फार दुखले तर चौकोन पूर्ण काळा करावयाचा, थोडे दुखले तर अर्धा. पाळी कोणत्या दिवशी आली त्याची खूण करावयाची. आपल्या घरी दूधवाल्याचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहितात, तितकीच ही साधी गोष्ट. परंतु दोन-तीन महिन्यांचे तक्ते भरले की चित्र आपोआप उमटे. काहींचे काळे चौकोन पाळीच्या आधी गोळा होत आणि नंतर नाहीसे होत. काहींच्या तक्त्यात पाळीशी काहीच संबंध दिसत नसे. म्हणजे ही दुखणी दोन प्रकारची होती, आणि दोघींना एकच औषध देण्यात अर्थ नव्हता. १९७६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी हे वर्गीकरण प्रसिद्ध केले.

त्यानंतर १९७८ साली त्यांनी त्या जुन्या शेऱ्यालाच हात घातला. स्तन दुखणाऱ्या बायकांची मानसिक चाचणी घेऊन त्यांनी तिची तुलना पायाच्या फुगलेल्या शिरांवर उपचार घेण्यास आलेल्या बायकांशी केली. पहिल्या गटातील बायका दुसरीतल्यांहून अधिक हळव्या किंवा चिडचिड्या निघाल्या नाहीत. एकशे एकोणपन्नास वर्षांनी कूपरसाहेबांचा शेरा असा खोडला गेला. माझ्या मते या विषयातील सर्वांत मोठा शोध हाच. त्याने एकही गोळी दिली नाही. पण बाई सांगते ते खरे असते, एवढे त्याने कागदावर मांडून दाखवले.

सायंकाळी उमलणारे फूल

आता ज्या तेलामुळे हा इतिहास गाजला, त्याच्याकडे येऊ.

उत्तर अमेरिकेत रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत एक झाड उगवते. पिवळी धमक फुले. ती सायंकाळी उमलतात, म्हणून तिकडे त्याला इव्हिनिंग प्रिमरोज म्हणतात. सतराव्या शतकात ते युरोपातील बागांत आले. त्याचे बी खसखशीसारखे बारीक असते. १९१९ साली हायडुश्का आणि ल्युफ्ट या जर्मन रसायनज्ञांना त्या बियांच्या तेलात एक नवेच मेदाम्ल सापडले. त्याचे नाव गॅमा-लिनोलेनिक आम्ल. तेलात ते शेकडा आठ-दहा भाग असते. १९४९ साली लिव्हरपूलच्या रायली यांनी आधुनिक पद्धतींनी त्याची खात्री करून घेतली. परंतु त्याचा उपयोग काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

उपयोगाची कल्पना दुसऱ्याच वाटेने आली. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९-३० मध्ये दाखवले की, आहारातून मेद पूर्ण काढून टाकला तर उंदीर आजारी पडतात. म्हणजे काही मेदाम्ले शरीराला अन्नातूनच मिळावी लागतात. त्यांतले मुख्य लिनोलेइक आम्ल. ते आपल्या करडईच्या तेलात भरपूर असते. शरीर त्यापासून पायरीपायरीने पुढची मेदाम्ले बनवते, आणि शेवटी प्रोस्टाग्लँडिन नावाची अत्यंत प्रभावी द्रव्ये तयार होतात, हे १९६४ साली सिद्ध झाले. या क्षेत्रातील कामाबद्दल १९८२ साली बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन व व्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

डेव्हिड हॉरोबिन नावाच्या कल्पक ब्रिटिश संशोधकाने हे सारे धागे एकत्र ओवले. त्यांचे म्हणणे असे: काही जणांच्या शरीरात या जिन्याची पहिलीच पायरी कच्ची असते. करडईचे तेल कितीही खाल्ले तरी पुढे चढताच येत नाही. अशा स्त्रियांच्या पेशींत मेदाम्लांचे प्रमाण बिघडते आणि संप्रेरके नेहमीइतकीच असली तरी पेशी त्यांना वाजवीपेक्षा जास्त प्रतिसाद देतात. प्रिमरोजच्या तेलात पहिल्या पायरीनंतरचा पदार्थ आयताच मिळतो. तेव्हा ते घ्या आणि कच्ची पायरी ओलांडून पुढे जा! रक्तातील संप्रेरके सारखी असताना एकीलाच का दुखते, या जुन्या कोड्याचे उत्तर या उपपत्तीत होते, ही तिची खरी मोहिनी. हॉरोबिन यांनी कंपनी काढून तेलाच्या गोळ्याही बाजारात आणल्या.

कार्डिफच्या मंडळींनी त्या गोळ्या तपासावयास घेतल्या. १९८१ साली त्यांची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. कौल तेलाच्या बाजूने होता. १९८५ साली 'लॅन्सेट'मध्ये पाय, मॅन्सेल आणि ह्यूज यांनी २९१ स्त्रियांवरील आपला अनुभव दिला. पाळीशी निगडित दुखण्यात डॅनाझॉल या औषधाने ७० टक्के, ब्रोमोक्रिप्टीनने ४७ टक्के आणि प्रिमरोजच्या तेलाने ४५ टक्के स्त्रियांना उपयुक्त आराम पडला होता. आकड्यांत तेल मागे होते. परंतु डॅनाझॉलने वजन वाढे, पाळी बिघडे, क्वचित आवाज घोगरा होई. ब्रोमोक्रिप्टीनने मळमळ होई. तेलाने जवळजवळ काहीच त्रास होत नसे. कोणती बाई काय निवडील हे सांगावयास नको. सुमारे १९९० पासून ब्रिटनमध्ये डॉक्टर या दुखण्यासाठी ते रीतसर औषध म्हणून लिहून देऊ लागले, आणि तेथून ते जगभर, आपल्याकडेही, आले.

तेल तराजूत

येथे एक गोष्ट सावकाश समजून घेण्याजोगी आहे. १९८५ चे ते आकडे खोटे नव्हते. शंभरांतल्या पंचेचाळीस जणींना बरे वाटले, हे खरेच. पण ते तेलाने वाटले का?

आपण डॉक्टरकडे केव्हा जातो? दुखणे शिगेला पोचते तेव्हा. शिगेला पोचलेली गोष्ट पुढे बहुधा उतरतेच, औषध घ्या वा न घ्या. शिवाय हे दुखणे मुळातच लहरी. काही महिने छळते आणि काही महिने आपोआप गप्प बसते. त्यात भर म्हणजे, कुणीतरी आपले म्हणणे ऐकून घेतले, तपासले, तीन-चार महिने नेमाने औषध घ्या म्हणून सांगितले, या सगळ्याचाही गुण येतो. तेव्हा तेलाची खरी किंमत काढावयाची तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात रिकामी जागा ठेवून चालणार नाही; तेथे तितकीच देखणी, पण नावापुरती गोळी ठेवली पाहिजे.

तसा तराजू हळूहळू उभा राहिला. नेदरलँड्समध्ये १२० स्त्रियांवर सहा महिने झालेली चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. पाळीशी निगडित दुखण्याचे दिवस प्रिमरोजच्या तेलाने १२.३ टक्क्यांनी कमी झाले. आणि तुलनेसाठी दिलेल्या साध्या तेलांनी? १३.८ टक्क्यांनी! त्याच वर्षी ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी, उपयोग होतो याचा पुरावा पुरेसा नाही, म्हणून त्या औषधाचा परवाना काढून घेतला. २००३ साली हॉरोबिन वारले. त्यांच्यावरील मृत्युलेखाने ब्रिटिश वैद्यकीय जगात मोठा वाद उसळला. कोणाला ते द्रष्टे वाटत होते, कोणाला नुसते विक्रेते.

२००५ साली सर्वांत मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत मिळून ५५५ स्त्रिया. काहींना प्रिमरोजमधील ते आम्ल, काहींना जीवनसत्त्वे व खनिजे, काहींना दोन्ही, काहींना नावापुरते सारे. आणि प्रिमरोजसमोर नावापुरते तेल कोणते ठेवले होते? आपले खोबरेल! कोकणातील माणसाला हे ऐकून हसू येईल. चार महिन्यांनी हिशेब केला तेव्हा त्या महागड्या आम्लात आणि खोबरेलात फरक निघाला नाही.

या चाचणीवर दोघांची सही आहे: गोयल आणि मॅन्सेल. होय, तेच मॅन्सेल. १९८१ साली ज्यांनी या तेलाला प्रथम उजेडात आणले, त्यांनीच चोवीस वर्षांनी ते पुन्हा तराजूत घातले आणि जे दिसले ते लिहिले. दोन वर्षांनी, २००७ साली, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुराग श्रीवास्तव यांनी जगभरच्या चाचण्या एकत्र करून ताळा मांडला. त्यातही तेलाचा लाभ दिसला नाही, आणि त्या लेखाच्या लेखकांतही मॅन्सेल होते. २०२१ साली १३ चाचण्यांचा, १७५२ स्त्रियांचा पुन्हा एकदा ताळा झाला. नावापुरत्या गोळीहून तेलाने दुखणे अधिक कमी होते असे त्यातही दिसले नाही. मोठेपणाची पुष्कळ लक्षणे आपल्या सुभाषितांत सांगितली आहेत. आपले स्वतःचे गाजलेले मत आपल्याच हाताने खोडणे, हे लक्षण त्यांत घालावयास हवे.

मग उरते काय?

येथे एखादी भगिनी म्हणेल, 'तुम्ही ब-६ काढून घेतले, 'ई' काढून घेतले, तेलही काढून घेतले. आता आमच्या हाती काय?' प्रश्न रास्त आहे.

पोषणाच्या मार्गात एक-दोन गोष्टी अजून पूर्ण मोडीत निघालेल्या नाहीत. टोरँटोच्या बॉइड यांनी १९८८ साली २१ स्त्रियांच्या चाचणीत दाखवले की, उष्मांकांतील मेदाचा वाटा पंधरा टक्क्यांपर्यंत खाली आणून सहा महिने राहिले तर दुखणे कमी होते. संख्या लहान आहे, आणि पथ्य कडक आहे. दुसरी गोष्ट जवसाची. कॅनडातील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००६ साली या दुखण्यावर पहिल्या उपायांत जवसाचा विचार करावा असे सुचवले. त्यामागे टोरँटोतील एका चाचणीत रोज २५ ग्रॅम जवस घातलेला केक खाल्ल्याने झालेला लाभ होता. पुढे इराणातील चाचण्यांतही जवसाला अनुकूल निष्कर्ष निघाले. हा पुरावा भक्कम म्हणण्याजोगा झालेला नाही. पण विदर्भातील ज्या घरांत जवसाची चटणी रोजच्या ताटात असते, त्यांना ती सोडण्याचे कारण नाही, आणि इतरांनी चार महिने खाऊन पाहिली तर खिसा रिकामा होणार नाही.

तिसरी वनस्पती आपल्या निर्गुडीची युरोपीय बहीण. तिच्या फळांचा अर्क प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर परिणाम करतो आणि काही जर्मन व झेक चाचण्यांत तो उपयोगी दिसला. मात्र बहीण म्हणजे तीच नव्हे. हे वाचून कोणी परसातील निर्गुडी उकळून पिऊ नये, एवढे निक्षून सांगतो.

आता ज्यांना कोणी औषध म्हणत नाही असे दोन उपाय सांगतो. २००० साली सौदी अरेबियात २०० स्त्रियांवर एक तुलना झाली. अर्ध्या जणींना डॅनाझॉल दिले, अर्ध्या जणींना नीट आधार देणारी, व्यायामाच्या वेळी घालतात तशी काचोळी दिली. औषधाने ५८ टक्के, काचोळीने ८५ टक्के स्त्रियांना आराम पडला. तुलना आंधळी करणे येथे शक्य नव्हते, हे खरे. पण मापाची काचोळी घेण्यात धोका तरी कोणता? दुसरा उपाय त्याहून साधा. १९९९ साली ब्राझीलमधील डॉक्टरांनी १२१ स्त्रियांना नीट तपासले, हे दुखणे कशाने होते ते समजावले आणि हा कर्करोग नाही असे सांगून धीर दिला. दुसरे काही दिले नाही. ७० टक्के स्त्रियांचे तेवढ्याने भागले; दुखणे तीव्र असणाऱ्यांतही निम्म्याहून अधिक जणींचे भागले. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावयाची असतात. त्यांच्या तपशिलात मी आज शिरत नाही.

हा ब्राझीलचा आकडा वाचून मला नेहमी आमच्या वाड्यातील काकू आठवतात. त्यांना धीर देण्याला काही खर्च आला नसता. कुणीतरी त्यांचे वाक्य शेवटपर्यंत ऐकायला हवे होते, एवढेच.

औषधांच्या दुकानांत ते प्रिमरोजचे तेल आजही मिळते, आणि पुष्कळ भगिनी ते महिनोन् महिने घेत असतील. कुणाला गुण वाटत असेल तर मी त्यांच्याशी भांडणार नाही. पण त्या गुणाचे श्रेय बाटलीला देण्यापूर्वी, बाटलीसोबत मिळालेल्या चार शब्दांनाही थोडे द्यावे. आणि ज्यांना गुण आला नाही, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. तेलाला आला नाही म्हणजे दुखणे खोटे ठरत नाही.

भगिनींना शेवटची विनंती. घरातील दिनदर्शिकेवर दोन-तीन महिने कार्डिफची ती खूण करून पाहा. काळे चौकोन पाळीच्या आधी येतात आणि नंतर जातात, दोन्ही बाजूंना येतात, तर घाबरण्याचे कारण बहुधा नाही. तरी एकदा तपासून घ्यावे. पण गाठ हाताला लागली, बोंडातून रक्त आले, कातडीला खळी पडली, किंवा दुखणे एकाच जागी ठाण मांडून बसले, तर तेल, बी, जीवनसत्त्व यांपैकी कशाचीही वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. बंधूंना विनंती याहून लहान आहे. घरातील कोणी "छाती भरून आलीय" म्हणाली, तर पुढचा प्रश्न विचारावा.

 चिटणीसांनाही सांगून ठेवतो की, पुढील वर्षी हा विषय पुन्हा निघाला, तर पत्रिकेवर तो पुरा छापावा.